ती घात आणि तो घात

आमच्याजवळ काही वर्षांपूर्वीची एक रोजनिशी आहे. तीत जानेवारी महिन्यातील एका रविवारचे पान असे भरलेले दिसते : सकाळी नऊला एका गावी ग्रंथदिंडी, साडेअकराला शहरात एका निवृत्त शिक्षकांचा सत्कार, दोन वाजता परत त्याच गावी परिसंवादाचे अध्यक्षपद, साडेचारला निवेदनाच्या मसुद्यासाठी बैठक आणि सायंकाळी सातला पुस्तक प्रकाशन. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले आहे, 'आत्या, खानापूर, जमल्यास'. त्या ओळीवर रेघ मारलेली आहे. काम झाले म्हणून मारलेली ती रेघ नव्हे. जमले नाही म्हणून मारलेली आहे.

त्या रोजनिशीत आत्याच्या नावावर अशी रेघ अकरा वेळा आली आहे. हे आम्ही पुष्कळ उशिरा मोजले.

सीमाभागात राहणाऱ्या वाचकांना त्या रविवारचे वर्णन अपरिचित वाटणार नाही. सुगी उरकली की कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. १ नोव्हेंबरचा काळा दिवस, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १ जूनला हिंडलग्याचे अभिवादन, असे आमचे एक वेगळेच पंचांग आहे. त्या पंचांगात भर म्हणून सत्कार, उद्घाटने, निषेधाची पत्रके, पाठिंब्याची पत्रके आणि भ्रमणध्वनीवरील चौदा गट. यांतील प्रत्येक गटावर सकाळी सुविचार येतो व त्याला हात जोडावे लागतात. आमच्या घरातील लोखंडी ट्रंकेत त्या काळातल्या सव्वीस शाली आहेत. आमच्या सौभाग्यवती एकदा त्यांना ऊन देता देता म्हणाल्या, "एवढी थंडी काही आपल्या गावाला पडत नाही." आम्ही हसलो; पण त्या हसल्या नव्हत्या.

या सगळ्याची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. ग्रंथदिंडीत डोक्यावर कलश घेऊन चालणारी मुलगी पाहून आमचे डोळे आजही भरून येतात. प्रश्न वेगळा आहे. आम्ही इतके का धावत होतो?

आमचे उत्तर असे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. या सालांच्या मधल्या जागेत आणि त्यांच्या पुढेही जे पसरलेले आहे त्याचे नाव वाट पाहणे. वाट पाहणाऱ्या माणसाला रिकामे हात सोसत नाहीत. घरात कोणी फार आजारी असले की नातेवाईक औषधाच्या बाटल्या पुसून पुन्हा पुन्हा ओळीने मांडत बसतात. त्याने रुग्णाला गुण येत नाही. पण मांडणाऱ्याला आपण काही करीत आहोत असे वाटते. आमच्या पुष्कळशा बैठका या अशा बाटल्या होत्या, असे आज आम्हांला वाटते. दिवसभर इतके दमायचे की आज मराठीसाठी नेमके काय झाले, हे विचारण्याचे त्राण रात्री उरू नये.

येथे थोडे शब्दांकडे वळतो. ते आमचे जुने व्यसन आहे. निमंत्रणपत्रिकेत आपण लिहितो, 'आपल्या व्यग्र दिनक्रमातून वेळ काढून उपस्थित राहावे'. अग्र म्हणजे टोक. ज्याचे मन एकाच टोकाशी स्थिर झाले तो एकाग्र. ज्याचे मन निरनिराळ्या टोकांकडे ओढले गेले तो व्यग्र. हे दोन शब्द एकाच घरचे आणि एकमेकांचे वैरी. म्हणजे पाहुण्याला आपण आदरपूर्वक 'विस्कटलेल्या मनाचे गृहस्थ' असे संबोधतो आणि पाहुणा प्रसन्न होतो. 'व्यस्त' या शब्दाची कथा याहून गमतीची आहे. मराठीत व्यस्त म्हणजे उलटे, विस्कळीत. शाळेत आपण व्यस्त प्रमाण शिकलो : एक राशी वाढली की दुसरी त्याच मानाने घटते. 'कामात असलेला' हा अर्थ हिंदीतून अलीकडे आला आणि ठाण मांडून बसला. आमच्या बाबतीत मात्र जुना, गणितातला अर्थच खरा ठरत होता. तो कसा, ते पुढे येईल.

आणि फुरसत? हा शब्द अरबी-फारसीकडून आपल्याकडे आला, तसाच तो कन्नडमध्येही जाऊन 'पुरुसोत्तु' झाला. बेळगावच्या गणपत गल्लीत सणाच्या आधी उभे राहावे. एका दुकानातून 'फुरसत न्हाई' ऐकू येते, शेजारच्या दुकानातून 'पुरुसोत्तु इल्ला'. दोन भाषांनी दूरच्या मुलखातून एकच शब्द आणला, आणि दोघींकडे तो बहुतकरून नकारातच वापरला जातो.

आता त्या गणिताकडे. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आम्ही चिठ्ठ्या साठवीत होतो. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील भातशेतीचे शब्द एकत्र करायचे, एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली अर्थ, गाव आणि सांगणाऱ्याचे वय, असा संकल्प होता. पहिल्या दोन वर्षांत ४१२ चिठ्ठ्या झाल्या. पुढच्या सहा वर्षांत ३१. त्या सहा वर्षांतच शाली जमल्या. हेच ते व्यस्त प्रमाण.

कोशांची थोरवी आम्ही भाषणांतून पुष्कळदा सांगत आलो होतो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली; म्हणजे सव्वीस वर्षांनी तोच गृहस्थ त्याच कामाशी पुन्हा बसला होता. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात बाहेर पडले. त्यात प्रांतिक शब्दांपुढे कंसात मुलखाची खूण असते, कोकणाची, गोव्याची, वऱ्हाडाची. कोणीतरी तो शब्द त्या मुलखातून उचलून, पुसून, चिठ्ठीवर उतरवून पाठवला असणार. या कोशकारांवर आम्ही एका वर्षात पाच व्याख्याने दिली. त्या वर्षी आमच्या डब्यात चार चिठ्ठ्या पडल्या.

आत्या ही आमच्या वडिलांची चुलत बहीण. खानापूरच्या अलीकडे तिचे गाव. चाळीसएक पावसाळे तिने चाड्यावर मूठ धरली. ज्यांनी पेरणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैल ओढतात ती कुरी. तिच्या फणांनी जमिनीत सरी पडतात. फणांमागे पोकळ नळ्या असतात आणि त्या वर एका लाकडी वाटीसारख्या भांड्यात एकत्र येतात, ते चाडे. पेरणारी बाई कुरीमागून चालते आणि मुठीतले बी बोटांच्या फटीतून त्या चाड्यात सोडते. मूठ सैल झाली तर बी दाट पडते. आवळली तर पातळ. चूक झालेली त्या दिवशी कोणाला दिसत नाही. पंधरा दिवसांनी रोप वर आले की नांगे पडलेले अख्ख्या गावाला दिसतात. आत्याच्या रानात नांगे दिसत नसत, असे आमचे वडील सांगत. तेव्हा आमच्या डब्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या तिच्याकडून यायला हव्या होत्या. तीही दर भेटीत विचारी, "कवा येतोस रे बसायला?" आम्ही म्हणत असू, "पुढच्या रविवारी."

बाराव्या वेळी आम्ही खरोखर गेलो. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेतले, कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या, वाटेत तिच्यासाठी कुंदा घेतला. आत्या अंगणात बसली होती. प्रकृती ठणठणीत. आम्ही भ्रमणध्वनीवर कुरीचे छायाचित्र दाखवले आणि चाड्यावर बोट ठेवून विचारले, "आत्या, ह्याला काय म्हणता तुम्ही लोक?"

ती जरा थांबली. मग जपून म्हणाली, "ते पेरणी यंत्र."

आम्हांला वाटले, थट्टा करते आहे. पण तसे नव्हते. मधली दोन वर्षे ती पुण्याजवळ नातवाकडे राहून आली होती. हे आम्हांला ठाऊक होते. पण बातमी म्हणून ठाऊक होते. तिथे पतवंडाला ती विचारी, "काय करालास रे?" आमच्याकडे याचा अर्थ 'काय करतो आहेस'. पुण्याच्या कानाला तो भविष्यकाळ वाटतो, त्यातही चुकलेला. मुले हसली. कोणी दुष्टपणा केला नाही; उलट पतवंडाने प्रेमाने शिकवले, "आजी, करतोयस म्हणायचं." शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई सत्तरीनंतर मनापासून शिकली आणि परीक्षेत पहिली आली. पुढे आम्ही जे जे विचारले त्यावर तिचे एकच उत्तर, "तू काय म्हणतोस तेच की. तुम्ही शिकलेली माणसं."

चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण घेऊन आम्ही परतलो. त्यात पाठ्यपुस्तकातील मराठी होती. शब्द माणसाबरोबर मरतात असे आम्ही व्यासपीठांवरून सांगत होतो. इथे माणूस जिवंत, खणखणीत, समोर बसलेला. शब्द तेवढे लाजेने आत गेलेले. त्या अकरा रेघांपैकी बहुतेक ती पुण्याला जाण्यापूर्वीच्या होत्या.

पुढच्या मे महिन्यात आम्ही ठरवले की या पावसाळ्यात एकच काम करायचे. रोहिणी नक्षत्रापासून मळणीपर्यंत दर रविवारी आत्याच्या रानात. सत्कार नाही, अध्यक्षपद नाही, प्रकाशन नाही. १ जूनचे अभिवादन तेवढे मोडायचे नाही. ते आमच्यासाठी कार्यक्रमांत मोडत नाही. गटांतून बाहेर पडलो, तेव्हा कोणी कारण विचारले नाही. याचे दुःख चार दिवस टिकले. एका स्नेह्याने दूरध्वनी करून विचारले, "चळवळीतून निवृत्ती घेतली का?" हा प्रश्न मात्र बरेच दिवस टोचत राहिला. वृत्तपत्रात 'प्रमुख उपस्थिती' या मथळ्याखाली आपले नाव शोधण्याची सवय तर पाऊस बराच पडून गेल्यावर सुटली. माणूस स्वतःला फार साधा समजतो.

पहिल्या रविवारी काही झाले नाही. ओढ्याकाठच्या एका लहान तुकड्यात ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून माळ्यावरची कुरी खाली काढली होती. शेजाऱ्यांचे बैल मागितले होते. धूळवाफेची पेरणी, म्हणजे जमीन कोरडी हवी; पण आदल्या रात्री वळीव चांगलाच झाला होता. आत्याने मातीचे ढेकूळ उचलले, मुठीत दाबले, उघडून पाहिले आणि टाकून दिले. "आज न्हाई. घात यायची हाय."

आम्ही चिठ्ठी काढली. पुण्याहून आणलेल्या भाषेतून सुटून आलेला तो पहिला शब्द होता. घात, स्त्रीलिंगी : पेरणीला, नांगरणीला जमीन योग्य स्थितीत येण्याची वेळ. मोल्सवर्थमध्ये तो आहे. आम्ही तो तिथे वाचलाही होता. पण शहरी मराठीत आता उरला आहे तो पुल्लिंगी घात, म्हणजे नाश. ती घात आणि तो घात. लिंग तेवढे बदलते. आम्ही मोठ्या उत्साहाने हे आत्याला सांगितले. तिला त्यात नवल वाटले नाही. "ती गेली की त्यो येतोयच की," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.

दिवसभर आम्ही पडवीत बसून राहिलो. खिशात हात जाई, यंत्र काढून पाही, परत ठेवी. काही न करता बसणे इतके कष्टाचे असते हे आम्ही विसरलो होतो.

घात आली ती बुधवारी. आत्याचा निरोप सकाळी सहाला आला. आणि त्याच बुधवारी, दहा वाजता, दुसऱ्या एका गावी मराठी शाळेचा पट वाढवण्यासाठी पालकांची सभा होती. पहिलीत मुले घालावीत म्हणून चार शब्द सांगायला आम्हांला बोलावले होते. ही सभा बाटल्या मांडण्यातली नव्हती. आम्ही अर्धा तास दाराशी उभे राहिलो. मग शाळेच्या शिक्षकांना दूरध्वनी करून क्षमा मागितली आणि खानापूरची गाडी धरली.

आत्याने पदर खोचला, बियाण्याची ओटी भरली आणि चाड्यावर मूठ धरली. मुलगा बैल हाकीत होता. आम्ही यंत्र सुरू करून बाजूने चालू लागलो आणि विचारले, "आत्या, ह्या नळीला—"

"आता बोलवू नको," ती म्हणाली. वर पाहिलेसुद्धा नाही.

दोन तास ती बोलली नाही. ध्वनिमुद्रणात बैलांचे घुंगरू, मुलाचे हाकारे आणि बांधावर बसलेल्या कावळ्यांचा आवाज आहे. नंतर झाडाखाली भाकरी सोडली आणि ती आपण होऊन बोलू लागली. नळी कशी तुंबली, फण कुठे दगडाला लागला, जू का कुरकुरले, शिवळ कोणी बसवली, कोणत्या साली मूठ चुकली आणि सासू काय म्हणाली. आम्ही विचारले काहीच नाही. त्या एका दुपारी तेवीस चिठ्ठ्या झाल्या. हातांनी काम केले तेव्हा शब्द परत आले. छायाचित्र दाखवून ते येणार नव्हते, हे आम्हांला कोणत्याही कोशाच्या प्रस्तावनेत मिळाले नसते.

शेजारी कन्नड बोलणारे. बैल त्यांचे, म्हणून जेवायलाही आमच्यात. ते कुरीला 'कूरिगी' म्हणाले. आमची सुगी ती त्यांची 'सुग्गी'. कुरी त्यांच्या भाषेतून आमच्याकडे आली असावी असे आमचे मत झाले आहे आणि चिठ्ठीवर तसे लिहिले आहे. असे लिहिल्याने आमच्या मागणीतले अक्षरही उणे होत नाही, हे येथे मुद्दाम नोंदवतो. शब्द शेजाऱ्याकडून आला म्हणून घर शेजाऱ्याचे होत नाही.

पुढचे रविवार भांगलणीचे, कोळपणीचे, पावसात नुसते चुलीपुढे बसण्याचे. त्यांचे वर्णन करीत नाही. हंगाम संपला तेव्हा त्या एका पावसाळ्याच्या १८७ चिठ्ठ्या होत्या. मळणीच्या दिवसापर्यंत आत्या आम्हांला खुशाल "काय करालास?" विचारू लागली होती. पुण्याहून पतवंड दिवाळीला आले तेव्हा त्यालाही तिने तसेच विचारले. ते हसले. या वेळी तीही हसली आणि पुन्हा तसेच म्हणाली.

त्या शाळेचे मात्र सांगितले पाहिजे. त्या जूनमध्ये पहिलीत दोनच नावे आली. आम्ही सभेला गेलो असतो तर चार आली असती, की दोनच, हे कोणालाही सांगता येणार नाही. शिक्षकांनी तर एका शब्दाने दोष दिला नाही. तरी ते आम्हांला खुपते. मनाजोगते काम निवडले म्हणजे जे सोडतो ते सगळे फोलच असते, असे नाही. सत्कार सोडताना आम्हांला काही लागले नाही. ही सभा सोडताना लागले, आणि अजून लागते. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सभेची वाट पाहिली नाही. एप्रिलमधल्या चार संध्याकाळी त्या गावात घरोघरी गेलो. भाषण कुठेच केले नाही. कोणाच्या घरी चहा, कोणाच्या घरी नुसते दारातून बोलणे. त्या वर्षी पाच मुले आली. शाळेला पाचांनी पुरे पडत नाही, हे आम्ही जाणतो.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील वाचकहो, तुमच्याकडे भातशेती नसेल. पण आजीच्या तोंडी अडकलेली स्वयंपाकघराची, देवघराची, जुन्या वाड्याची मराठी असेल. गोव्यातील वाचकांकडे तर पेरणीचे शब्द आमच्याहून जास्त निघतील. घातीला तुमच्याकडे काय म्हणतात, हे कळवल्यास आम्ही चिठ्ठीवर गावाच्या नावासह नोंदवू. गट मात्र करू नये ही विनंती.

नव्या रोजनिशीत २५ मे या पानावर लिहिले आहे : 'रोहिणी. आत्या.' बाकी पान कोरे आहे. परवा तिचा दूरध्वनी आला होता. शाळेची हकिकत तिला कोणीतरी सांगितली असावी. म्हणाली, "येताना ती पाच पोरं घिऊन ये की. कुरी बघू दे त्यास्नी." मुलांसाठी गाडी ठरवली आहे. बैलांचे शेजाऱ्यांना अजून विचारायचे आहे. त्यांतला एक त्यांनी यंदा विकला, असे ऐकतो.